परीक्षानळीतला गुलाबी रंग

[दृश्य: खुर्चीतला रुग्ण. चौकटीत फक्त हनुवटी, ओठ आणि गुडघ्यांवरचे हात.]

तोंडात काही चघळताय का, कवळी बसवलीय का, हे डॉक्टरांनी आधीच विचारून घेतलंय. आता ते अंगठा एकेका बोटाला टेकवायला सांगतात. लक्ष बोटांकडे गेलं की ओठ हलायला लागतात. पाहा. जीभ आतल्या आत वळवळतेय. तोंडात काहीच नाही, तरी जबडा चावतोय.

हा टार्डिव्ह डिस्किनेशिया. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची औषधं महिनोन्‌महिने, बहुतेकदा वर्षानुवर्षं घेतल्यावर दिसणारा दुष्परिणाम. 1952 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरलं आणि स्किझोफ्रेनियाच्या उपचारांचं चित्रच पालटलं. 1957 मध्ये जर्मनीत या हालचालींची नोंदही झाली.

[दृश्य: प्रयोगशाळा. सेंट्रीफ्यूजमधून निघणारी नळी.]

अशाच एका रुग्णाच्या रक्ताचे थर झालेत. तळाशी तांबड्या पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा. पेशींमधली तीन विकरं (एन्झाइम) इथे संशोधनासाठी मोजतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज घातक ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. कॅटालेज आणि ग्लुटाथायोन परॉक्सिडेज त्याचं पाणी करून टाकतात. शरीराची ही स्वतःची अँटिऑक्सिडंट, म्हणजे अशा ऑक्सिजनची हानी रोखणारी, फौज.

[दृश्य: नळी गरम पाण्यात. रंग चढतो.]

प्लाझ्मात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळी तापवली. पेशींच्या आवरणातली चरबी ऑक्सिडेशनमुळे बिघडली असेल, तर द्रव असा गुलाबी होतो. रंग जितका गडद, तितकी हानी जास्त. यंत्र तो 532 नॅनोमीटरवर मोजतं.

औषध मेंदूत डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, अडवतं. मग मेंदू डोपामाइनची उलाढाल वाढवतो, आणि ते मोडताना पेरॉक्साइड निघतं. तेही नेमकं मेंदूच्या आत खोलवरच्या बेसल गँग्लियात, जिथे लोह भरपूर असतं आणि हालचालींवर ताबाही तिथूनच राहतो. लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की आणखी घातक रेणू बनतात. अनेक अभ्यासांत या रुग्णांच्या रक्तात विकरं कमी आणि बिघडलेली चरबी जास्त आढळली, ती याच गृहीतकाशी जुळते.

मग अँटिऑक्सिडंट द्यावं का? अमेरिकेत 158 रुग्णांना ई-जीवनसत्त्व किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन पाहिलं; 1999 मध्ये निकाल आला, फरक नाही. बीजिंगच्या हुईलोंगगुआन रुग्णालयात 157 रुग्णांवर 12 आठवडे जिंको या झाडाच्या पानांचा अर्क तपासला. 2011 चा तो निकाल उत्साह वाढवणारा होता: हालचाली कमी झाल्या. हे संशोधन पुढे जायलाच हवं. पण सिगारेट आणि आहारानेही हे आकडे हलतात, म्हणून निदान अजून रक्तावरून होत नाही, डोळ्यांनीच होतं.

या हालचालींनी जेवण, बोलणं, नोकरी सगळंच अवघड होतं, आणि औषध थांबवल्यावरही त्या राहू शकतात.

[दृश्य: टेबलावर गुणपत्रक. पेनाने भरलेले रकाने.]

बारा प्रश्न, हालचालींना शून्य ते चार गुण. एम्स (AIMS, म्हणजे ॲब्नॉर्मल इनव्हॉलंटरी मूव्हमेंट स्केल) नावाच्या या मोजपट्टीला दहा मिनिटं पुरतात, तरी अनेकांच्या फायलीत हा कागदच नसतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे तो भरून मागा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका: एकाएकी थांबवल्या तर हालचाली वाढू शकतात, आणि मूळ आजारही उसळू शकतो.