गहू उतरला, रोटी चढली

(दृश्य: कैरो, सकाळ. सवलतीच्या बेकरीसमोर रांग.)

भट्टी एवढी तापलेली असते, की आत सरकवलेली कणकेची चकती बघता बघता टम्म फुगते. कोंड्यासकट पिठाची, मधे पोकळ अशी ही रोटी. बाहेर काढली की खजुराच्या काड्यांच्या जाळीवर पसरून ती निववतात. मग एखादा पोऱ्या अख्खी जाळी डोक्यावर घेतो, एका हातानं तिचा तोल सांभाळतो, दुसऱ्या हातानं सायकलचं हँडल धरतो आणि गाड्यांच्या गर्दीतून सुसाट निघतो.

रांगेतली बाई खिडकीतून कार्ड आत देते. मशीन टिकटिक करतं. माणशी रोज पाच रोट्या, एकेकीचं वजन 90 ग्रॅम. 2020 सालापर्यंत ते 110 ग्रॅम होतं. भावाला हात न लावता वजन कमी करायची ही युक्ती आपल्याला बिस्किटाच्या पुड्यांमुळे चांगलीच ठाऊक आहे.

आणि भाव? मे 2024 पर्यंत पाच पियास्टर. शंभर पियास्टरचा एक इजिप्शियन पौंड. आपल्या हिशेबात तेव्हा एक रोटी आठ-नऊ पैशांना. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून 2024 पर्यंत हा आकडा हलला नाही.

तो हलवायची कुणाची छाती होत नव्हती, याला कारण आहे. जानेवारी 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या सरकारनं खाण्यापिण्याच्या वस्तूंवरची सवलत काढली आणि दोन दिवसांत अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत लोक रस्त्यावर उतरले. लष्कर बोलवावं लागलं, डझनावारी माणसं मेली, आणि सरकारनं मुकाट्यानं निर्णय मागे घेतला. पुढच्या प्रत्येक सत्ताधाऱ्यानं हा धडा पाठ करून ठेवला.

(दृश्य: युक्रेनमधलं ओडेसा बंदर. थांबलेल्या क्रेन.)

गहू आयात करणाऱ्या देशांत इजिप्तचा नंबर बहुतेक वर्षी पहिला लागतो. नाईलच्या काठावर गहू पिकतो, पण दहा कोटींवर माणसांना तो पुरत नाही. युद्धाआधी बाहेरून येणाऱ्या गव्हापैकी साधारण 80 टक्के गहू फक्त दोन देशांतून यायचा : रशिया आणि युक्रेन.

24 फेब्रुवारी 2022 ला त्यातल्या एकानं दुसऱ्यावर हल्ला केला. काळ्या समुद्रात सुरुंग पेरले गेले, ओडेसाची बंदरं बंद पडली, आणि युक्रेनच्या कोठारांत सुमारे दोन कोटी टन धान्य अडकलं. मार्चमध्ये शिकागोच्या वायदे बाजारात गव्हानं विक्रमी भाव गाठला. धान्य जागच्या जागी होतं, वाट तेवढी बंद झाली होती.

आता कैरोला गहू हवा होता, आणि भारताकडे तो होता, निदान तसं दिसत तरी होतं. एप्रिलमध्ये इजिप्तनं भारतीय गव्हाला मान्यता दिली. त्याच महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले, जागतिक व्यापार संघटनेनं परवानगी दिली तर भारत जगाला धान्य पुरवायला तयार आहे.

(दृश्य: पंजाबातलं गव्हाचं शेत. हातात चोळलेली ओंबी.)

पण शेतात काहीतरी वेगळंच घडून गेलं होतं. भारतात 1901 पासून तापमानाच्या नोंदी आहेत, त्यात मार्च 2022 इतका तापलेला मार्च एकही नव्हता. ओंबीत दाणा भरायचे हेच दिवस. दाणा चिकात असताना झळा लागल्या की पीक वेळेआधीच पिकल्यासारखं दिसतं, लांबून छान सोनेरी. ओंबी हातावर चोळली की कळतं. दाणा बारीक, सुरकुतलेला, वजनाला हलका.

सरकारी खरेदीनं तर तळच गाठला. आदल्या वर्षी 433 लाख टन गहू घेतला होता, 2022 ला जेमतेम 188 लाख टन. पीक घटलं होतं हे खरंच, पण मुख्य कारण वेगळं होतं : हमीभाव 2015 रुपये क्विंटल, आणि व्यापारी त्याहून जास्त मोजत होते. शेतकऱ्यानं तिथं विकला. का विकू नये?

13 मे 2022. गहू निर्यातीवर बंदी.

निर्यातबंदी म्हणजे काय, हे लासलगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. 2023 च्या डिसेंबरात कांद्यावर ती पुन्हा आली, तेव्हा इकडे भाव पडले आणि तिकडे ढाक्यात कांदा कडाडला. गव्हाच्या बाबतीत सरकारची अडचण खोटी नव्हती. गोदामं रिकामी ठेवून जगाचं पोट भरायला कुठलंच सरकार जाणार नाही. पण अंगणात काय पडलंय ते न पाहता गावजेवणाचं आवतण द्यायची घाई कशाला केली, हा प्रश्न उरतोच.

बंदीनंतर शिकागोचा बाजार उघडला आणि गहू सुमारे सहा टक्क्यांनी उसळला. कांडला बंदराबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या. धक्क्यावर इजिप्तसाठी 61,500 टन गहू भरला जात होता. 44,340 टन जहाजात, बाकीचा खाली. इजिप्तनं विनंती केली आणि हा माल सोडण्यात आला.

घाबरलेला प्रत्येक देश आधी आपलं दार लावून घेतो. इंडोनेशियानं एप्रिलच्या अखेरीला पामतेलाची निर्यात थांबवली. युक्रेनचं सूर्यफूल तेल तर आधीच अडकलं होतं. मुंबई-पुण्यात तेलाची पिशवी घेताना आपण जे जादा पैसे मोजले, त्यात या दोन्ही गोष्टींचा वाटा होता.

(दृश्य: बैरूत. पडझड झालेली धान्याची कोठारं.)

जुलैमध्ये इस्तंबूलला संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तान यांनी मध्यस्थी केली, करार झाला आणि युक्रेनच्या धान्याची समुद्री वाट उघडली. 1 ऑगस्टला ‘राझोनी’ हे पहिलं जहाज ओडेसाहून 26 हजार टनांवर मका घेऊन निघालं. जायचं होतं लेबनॉनला, जिथली बंदरातली मुख्य कोठारं 2020 च्या स्फोटात उद्ध्वस्त झाली होती. उरलेल्यांतला एक भाग जहाज सुटायच्या आदल्याच दिवशी कोसळला. जगभरचे कॅमेरे या जहाजावर लागले होते. आणि लेबनॉनमधल्या खरेदीदारानं माल नाकारला. पाच महिने उशीर झाला, आता नको! मका शेवटी तुर्कस्तानात आणि सीरियात उतरला.

ही वाट जेमतेम वर्षभर टिकली. जुलै 2023 मध्ये रशिया करारातून बाहेर पडला. तोवर जवळपास 3 कोटी 30 लाख टन धान्य बाहेर गेलं होतं. सगळ्यात जास्त चीनला गेलं, म्हणून बरीच ओरड झाली. पण बाजारात माल आला की भाव सगळ्यांसाठीच उतरतो, आणि तसा तो उतरला.

(दृश्य: पुन्हा कैरो. परकी चलन बदलून देणारं दुकान.)

2024 च्या मे अखेरीस शिकागोत गहू युद्धाआधीपेक्षाही स्वस्त होता. मग कैरोत रोटीही सुखानं मिळायला हवी होती, नाही का?

29 मे 2024 ला पंतप्रधान मुस्तफा मदबूली यांनी जाहीर केलं : 1 जूनपासून रोटी पाच नव्हे, वीस पियास्टरला. चौपट.

कारण गहू डॉलरमध्ये विकत घ्यावा लागतो. युद्धाआधी एका डॉलरला पंधरा-सोळा पौंड लागायचे. मार्च 2024 मध्ये पौंड मोकळा सोडला, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोपवला, आणि डॉलर पन्नासच्या घरात गेला. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं कर्जाची रक्कम तीन अब्ज डॉलरवरून आठ अब्जांवर नेली. तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजांनी सुएझची वाट सोडली, तेव्हा डॉलर मिळवून देणाऱ्या त्या कालव्याची कमाईही आटली. सरकार म्हणालं, एक रोटी आम्हाला सव्वा पौंडाला पडते.

पाच जणांचं घर, दिवसाला पंचवीस रोट्या. आधी सव्वा पौंड, आता पाच. महिन्याला दीडशे पौंड. 1977 सारखं कुणी रस्त्यावर उतरलं नाही. रांग तशीच आहे.

या रांगेत न दिसणारी माणसंही कैरोत आहेत. एप्रिल 2023 मध्ये शेजारच्या सुदानमध्ये सेना आणि निमलष्करी दल आपसांत भिडले, शेतं उजाड झाली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्याच दारफुर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळावर शिक्कामोर्तब झालं. लाखो सुदानी उत्तरेला इजिप्तमध्ये आले. सवलतीचं कार्ड इजिप्तच्या नागरिकांसाठी आहे. सुदानी घरातली बाई रोटी आणायला पलीकडच्या खाजगी बेकरीत जाते आणि बाजारभाव मोजते.