खिडक्या मोजणारा शिपाई

(दृश्य: जुना कागद, अगदी जवळून)

2 एप्रिल 1911, रविवार. आयर्लंडची जनगणना. त्या रात्री जो ज्या घरी मुक्कामाला होता, त्याचं नाव त्या घराच्या कागदावर चढलं. कागद कुटुंबप्रमुखाने भरायचा. त्याला लिहिता येत नसेल तर अक्षर पोलीस शिपायाचं, खाली कुटुंबप्रमुखाची फुली.

हा दुसरा कागद मात्र खास शिपायाचा. जनगणना पोलिसांकडेच होती. भिंती दगडविटांच्या असतील तर 1, मातीच्या असतील तर 0. छप्पर स्लेटचं, 1; गवताचं, 0. मग खोल्यांचे गुण, आणि दर्शनी खिडक्या भरतील तितके. मातीची, गवताने शाकारलेली, एक खोली अन् एक खिडकी असलेली झोपडी: शून्य, शून्य, एक, एक. बेरीज दोन, दर्जा चौथा. गोठा, तबेला, कोंबड्यांचं खुराडं यांना आणखी निराळा कागद! कुणाच्या पणजोबांचं घर कधीच पडलं असेल; त्याच्या खिडक्या इथे मोजून ठेवल्यात.

(दृश्य: 1901 आणि 1911 चे कागद शेजारी शेजारी)

आता वयं बघा. दहा वर्षांत काही माणसं पंधरा वर्षांनी म्हातारी झालीत. 1909 पासून सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी पेन्शन मिळू लागली होती, आणि जन्मनोंदणी तर 1864 पासूनची. मग वयाच्या पुराव्यासाठी 1841 आणि 1851 च्या जनगणनेत नाव हुडकून उतारे काढले जात. ते मूळ दप्तर 30 जून 1922 ला, यादवीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलात जवळजवळ सगळं जळालं. पेन्शनवाल्यांचे उतारे तेवढे राहिले. 1881 आणि 1891 चे कागद सरकारनेच पहिल्या महायुद्धात लगद्याला घातले होते. म्हणून पूर्वजांचा शोध 1901 पासून.

(दृश्य: डब्लिन, 14 हेन्रिएटा स्ट्रीट, जिना)

एका श्रीमंत घराण्यासाठी बांधलेला वाडा. 1911 मध्ये इथे 100 माणसं.

त्या वर्षीच्या कागदात विवाहित बायकांसाठी नवे रकाने आले. किती मुलं जन्मली. किती हयात.

(काही क्षण निवेदन नाही)

1901 आणि 1911 चे हे सगळे कागद आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवलेत. फुकट, घरबसल्या. आडनावाच्या स्पेलिंगपाशी अडलात तर नाव सोडा, गाव उघडा आणि घरामागून घर वाचत जा. खेड्यात कागदावरचा घरक्रमांक म्हणजे पत्ता नव्हे. तो शिपायाच्या फेरीतला आकडा.