अर्धवट सोडलेली कादंबरी आणि तेरा वर्षांचा वाचक

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गोव्याहून आलेल्या पाहुण्यांनी केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याकडची इतकी माणसं आखातातल्या एका सभागृहात भेटली, फार बरं वाटलं. संयोजकांनी मला मुलांच्या वाचनाचा सगळा विषय दिला होता. त्यातली एकच गोष्ट घेते, कारण सकाळी चहाच्या वेळी आयांनी तीच पुन्हा पुन्हा विचारली: पोरगं कादंबरी उत्साहाने हातात घेतं, चार प्रकरणं वाचतं आणि सोडून देतं. काय करायचं?

फोंड्याला आम्ही काहीजण कुमारवयातल्या मुलांसाठी वाचनकट्टा चालवतो. तिथल्या अनुभवावरून सांगते, सोडू द्या. पण का सोडली, हे त्याला जरूर विचारा, आणि तो सांगेल ते मनापासून ऐका.

पानात वाढलेलं संपवायचं, हा आपला संस्कार आपण पुस्तकालाही लावतो. अन्न टाकलं तर वाया जातं. सोडलेली कादंबरी मात्र जशीच्या तशी पुढच्या मुलाच्या हाती जाते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो ग्रंथपालांसाठी होता, पण मला तो आईबापांनाही लागू वाटतो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यात पुस्तक पुरं न करण्याचा हक्क तिसरा आहे. पेनाक स्वतः शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांच्या शब्दाला मी वजन देते.

आता मराठी कादंबरीबद्दल, कारण खरी काळजी तिथे आहे. गोव्यात कित्येक मुलांचं प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून होतं आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होतं. घरात कोकणी, दारात मराठी वर्तमानपत्र, देवळात मराठी भजन, शाळेत इंग्रजी. ही श्रीमंतीच आहे. पण तेराव्या वर्षी मुलाचं मन तेरा वर्षांचं असतं आणि मराठी वाचण्याचा सराव चौथीत थांबलेला असतो. त्याला सहज वाचता येतात ती पुस्तकं त्याला बाळबोध वाटतात. जी त्याच्या वयाची आहेत, ती वाचताना जोडाक्षरं आणि लांबलचक वाक्यं दमवतात. इथे तुमच्या मुलांचं तर याहून कठीण, कारण त्यांना ती चौथीपर्यंतची शाळाही मिळालेली नसते. या मधल्या जागेसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या मराठीत फार थोड्या आहेत, आणि याची मला मनापासून खंत वाटते. मग आपण आपल्या लहानपणीचा फास्टर फेणे पुढे करतो. काही मुलांना तो अजूनही आवडतो. ज्यांना आवडत नाही, त्यांच्यावर रुसू नये.

म्हणून मुलाने मराठी कादंबरी सोडली की एक करून बघा. जिथे सोडली, तिथून पुढचं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा. तो ऐकत बसला, तर गोष्ट त्याला हवी आहे, फक्त डोळे अक्षरांशी झगडून थकले होते. अशा वेळी रोज थोडं तुम्ही वाचा, थोडं त्याला वाचू द्या. तो उठून गेला, तर ते पुस्तक खरोखरच त्याचं नव्हे. हा फरक कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण आपण दोन्ही वेळा एकच निष्कर्ष काढतो की पोराचं मराठी सुटलं. किती पानं वाचून मग सोडावं, याचाही एक नियम प्रसिद्ध आहे. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपाल पन्नास पानं द्या म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्यांनी शंभरातून वय वजा करून उरतील तेवढी. अडखळत मराठी वाचणाऱ्या मुलासाठी पन्नास फार झाली. माझ्या मते दोन प्रकरणं पुरेत.

इंग्रजी कादंबऱ्यांचं वेगळं आहे. बारा ते अठरा वयासाठीच्या, ज्यांना 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात, त्या मुलं भराभर वाचतात आणि भराभर सोडतातही. तीन भागांची मालिका असेल तर दुसऱ्या भागात बरीच गळतात. एक मुलगी म्हणाली, "शेवटी नायिका कुणाला निवडणार ते मला कळलंय." ती समीक्षाच होती, आणि मी तिला तसं सांगितलं. शिवाय या कादंबऱ्या घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक अठरा वर्षांवरचे असल्याचं बाउकर या अमेरिकी कंपनीच्या २०१२ मधल्या पाहणीत दिसलं होतं. म्हणजे मुलांच्या नावाने छापलेलं सगळंच मुलांपुरतं नसतं. तेरा वर्षांच्या वाचकाला त्यातलं काही परकं वाटलं तर नवल नाही.

आणि एक कारण आहे, ज्याबद्दल मी आईबापांना कळकळीने सांगते. या कादंबऱ्यांत आत्महत्या, छळ, आईवडिलांचा मृत्यू हे विषय थेट येतात. येऊ द्यावेत, मुलांच्या आयुष्यातही ते असतात. पण एखादं मूल अशा पानावर थांबतं, पुस्तक मिटतं आणि गप्प राहतं. तिथे "धीर धर, पुढे छान आहे" म्हणू नका. त्याने स्वतःला सांभाळलं आहे. पुस्तक बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. वाटलं तर ते पान आधी तुम्ही वाचा. काही वेळा त्या पानामुळेच मूल घरात कधी न बोललेलं बोलतं.

जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत गावी याल, चवथीला थांबाल, तेव्हा मुलांना पणजीला पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन जा. १८३२ मध्ये पोर्तुगीज अमलात सुरू झालेलं हे ग्रंथालय आहे, आणि मुलांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. मुलांना स्वतः निवडू द्या, दहा पुस्तकं उघडू द्या, नऊ परत ठेवू द्या. कादंबरी झेपतच नसेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासूनचं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. छोट्या कथांनी हात बसतो.

मंडळाच्या कपाटासाठी एक सुचवते. आमच्या कट्ट्यावर अर्धवट पुस्तक परत करणारं मूल आत चिठ्ठी ठेवतं: कुठल्या पानावर थांबलो आणि का. "गावातले शब्द कळले नाहीत." "कुत्रा मरणार असं वाटलं." "खूप उपदेश." पुढचा वाचक आधी चिठ्ठी वाचतो, आणि पुष्कळदा तिच्यापायीच पुस्तक घरी नेतो. कार्यकारिणीची हरकत नसेल तर जेवणानंतर मुलांना घेऊन बसते. कोऱ्या चिठ्ठ्या मी आणल्या आहेत.