धानाच्या तुसातली गारगोटी

(दृश्य : गोंदिया जिल्हा. राईस मिलची मागची बाजू. राखेचा ढीग.)

ही धानाच्या तुसाची राख. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या उष्णा तांदळाच्या मिलमागे असा ढीग हमखास दिसतो. तूस बॉयलरमध्ये जळतं, त्याच्या वाफेवर धान शिजतं आणि राख मागे उरते. वारा सुटला की ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, डोळ्यांत जाते, श्वासात जाते.

(दृश्य : बांधी. धानाचं पातं, अगदी जवळून.)

पातं उलट्या दिशेनं ओढलं की हाताला चरे पडतात. निंदणाला जाणाऱ्या बायांना हे सांगावं लागत नाही. ही धार सिलिकाची. वाळूत आणि गारगोटीत असते तीच. धानाची मुळं जमिनीतल्या पाण्यात विरघळलेलं सिलिकॉन, म्हणजे सिलिकाचं मूलद्रव्य, ओढून घेतात. मुळांतलं हे काम करणारं जनुक २००६ साली जपानच्या ओकायामा विद्यापीठातले जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका झाडात साचते. करपा आणि खोडकिडा यांना तिचा अडसर होतो. तुसाच्या बाहेरच्या सालीत तर ती भरपूर असते. तूस लवकर कुजत नाही, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, ते म्हणूनच.

(दृश्य : भरडाई. तुसाचा फवारा.)

एक टन धान भरडलं की साधारण २०० किलो तूस निघतं. ते जाळलं की ४० किलोच्या आसपास राख. नीट जळलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका.

(दृश्य : प्रयोगशाळा. दोन मुशी शेजारी शेजारी.)

डावीकडच्या मुशीत तूस जसंच्या तसं जाळलं. राख काळीच राहिली, कारण तुसातलं पोटॅशियम तापल्यावर सिलिकाला वितळवतं आणि जळायचा राहिलेला कार्बन आत कोंडून टाकतं. उजवीकडचं तूस आधी सौम्य आम्लात धुतलं होतं. रंग बघा, पांढरा.

भट्टीवर ६५० अंश. इथे आच सांभाळावी लागते. ७००-८०० अंशांच्या पुढे फार वेळ गेला की सिलिकाचे स्फटिक होऊ लागतात. मग ती सहज विरघळत नाही आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते.

आता राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायची. तासाभरानं गाळलं की खाली येतो हा नितळ द्रव, सोडियम सिलिकेट. कारखान्यांत तो वाळू आणि सोडा १,३०० अंशांच्या वर वितळवून करतात. इथे साध्या उकळीवर झाला! वाळू फोडायला लागणारी ती सगळी आच वाचली, कारण जमिनीतली सिलिका विरघळवून आणायचं काम झाडानं आधीच केलं होतं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागात, सिलिकाच्या वाळूसाठी जमीन खणली जाते. इकडे ती उघड्यावर पडून आहे.

पुढची पायरी आम्ही न कापता दाखवतो आहोत.

(निवेदन थांबतं. द्रवात आम्ल थेंब थेंब पडतं. १५ सेकंद.)

विरजण लागावं तसं भांडं गोठलं. हे गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं, वाळवायचं, कुटायचं. हातात येते ही सिलिकाची पूड. चिमटीत धरली तरी वजन लागत नाही.

आम्लाच्या पद्धतीत खारट धुवण उरतं, त्याची सोय करावीच लागते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं आम्लाऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरायची रीत बसवली आहे. त्यात चुन्याच्या मदतीनं कॉस्टिक परत मिळतं आणि पुन्हा वापरता येतं. आपल्या धानपट्ट्यात कारखाना उभा राहायचा तर तो याच रीतीचा असावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य : टायर. पाण्याचा फिल्टर. राखुंडीची डबी.)

गुडइयर कंपनीनं तुसाच्या राखेतली सिलिका टायरमध्ये घालायचं २०१४ साली जाहीर केलं. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात तर ही राख तशीच, सिलिका वेगळी न काढता, पाणी गाळायला वापरली गेली. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथलेच ‘सुजल’ फिल्टर मदतीला गेले. २००९ मध्ये आलेल्या ‘टाटा स्वच्छ’मध्ये याच राखेला चांदीच्या सूक्ष्मकणांची जोड होती. आणि ही डबी कोकणातली. जाळलेल्या तुसाच्या राखुंडीनं आपल्या आज्या दात घासायच्या. आजच्या बऱ्याच टूथपेस्टमध्ये दात घासण्याचं काम सिलिका करते.

(दृश्य : धान खरेदी केंद्र. काटा. शेतकऱ्याच्या हातातली पावती.)

इथे धान तुसासकट तोललं जातं. भरडाईनंतर तांदूळ सरकारजमा होतो, तूस आणि कोंडा मिलकडे राहतो. शेतकऱ्याच्या पावतीवर तुसाचा उल्लेख नाही.

(दृश्य : मिलचं फाटक. राखेनं भरलेला ट्रक, वर ताडपत्री.)

सकाळपासूनची ही तिसरी खेप. गावाबाहेरच्या खड्ड्याकडे.

(निवेदन संपतं. ट्रक वळणाआड जाईपर्यंत दृश्य चालू.)