इंदिराबाईंकडे परत

नमस्कार मंडळी. काल ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याच्याच गळ्यात हार घालणारे आमदार दिसले की आपण म्हणतो, काय ही माणसं! पण मला विचाराल तर यात मनपरिवर्तन वगैरे शोधत बसू नका, त्यांचा मतदारसंघ बघा.

आपल्याच महाराष्ट्रातलं घ्या. १९७८ च्या सुरुवातीला काँग्रेस फुटली, यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील इंदिराबाईंच्या विरोधात राहिले, आणि त्यांच्या हिशोबानं ते बरोबरच होतं म्हणा, कारण आणीबाणीनंतर बाई स्वतः रायबरेलीत पडल्या होत्या, त्यांच्या नावावर आता कोण मत देणार? पण विधानसभेचा निकाल लागला तर दादांच्या काँग्रेसला ६९ आणि बाईंच्या नव्याकोऱ्या पक्षाला ६२! विदर्भ तर बाईंच्याच मागे. मग ९९ वाल्या जनता पक्षाला रोखायला दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार केलं, दादा मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, आणि तिरपुडेंची तोफ दादांवरच. जुलैत दादांच्याच सरकारातले मंत्री शरद पवार बाहेर पडले, सरकार गेलं, आणि जनता पक्षाला बरोबर घेऊन पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं.

तो ६२ चा आकडा ज्याला नीट वाचता आला तो आधी हलला. १९८० च्या लोकसभेला ४८ पैकी ३९ जागा बाईंच्या, आणि सांगलीतून निवडून आले कोण, तर वसंतदादाच, बाईंच्या तिकिटावर! फेब्रुवारीत पुलोद सरकार बरखास्त झालं आणि मग पवारांच्या बाजूचे कितीतरी जण तिकडं गेले. पक्षांतरबंदी कायदा तर १९८५ चा, तेव्हा अडवणार कोण? आणि ज्याच्या तालुक्यात साखर कारखाना आहे, ज्याला कर्जाची हमी सरकारकडून हवी, तो पाच वर्षं विरोधात बसून काय करणार, गावातली माणसंच त्याला बसू देत नाहीत हो. जूनमध्ये विधानसभेला बाईंना १८६ जागा मिळाल्या.

यशवंतराव मात्र साताऱ्यातून बाईंच्या विरोधात निवडून आले आणि १९८१ ला परत गेले, मला ते बघून आजही वाईट वाटतं, मिळालं काय तर वित्त आयोगाचं अध्यक्षपद. दादा आधी गेले होते, ते १९८३ ला पुन्हा मुख्यमंत्री झाले. आणि पवार तर सगळ्यात उशिरा, १९८६ च्या डिसेंबरात औरंगाबादला राजीव गांधींसमोर परतले, पण ते रिकाम्या हातानं नाही, १९८५ ला स्वतःच्या पक्षाचे ५४ आमदार निवडून आणून दाखवले होते त्यांनी, त्यामुळे दीड वर्षात मुख्यमंत्री.