दोष काळ्या तारेत

दृश्य: नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराची खोली, मे महिन्याची संध्याकाळ. खिडकीतला कूलर सुरू होतो आणि भिंतीवरचा दिवा मंदावतो.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की नागपुरात कूलरला विश्रांती नसते. वर्षभर कसाबसा तग धरून असलेला वायरिंगमधला ढिला जोड नेमका याच दिवसांत उघडा पडतो. मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मिचकला तर काळजी नको, पण कूलर चालेल तोवर तो मंदच राहत असेल तर कुठेतरी जोड तापतो आहे.

बल्ब बदलून फरक पडला नाही, तर दुसरा बल्ब आणण्याआधी त्रास कुठवर आहे ते बघा. एकाच दिव्याला, एका खोलीला, अख्ख्या घराला, की शेजारीही हेच म्हणतोय? शेजारीही म्हणत असेल तर घरातले बोर्ड उघडून उपयोग नाही. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करा. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही.

दृश्य: बॅटन होल्डर, अगदी जवळून.

एकच दिवा लुकलुकत असेल तर होल्डर पाहा. आधी चालू पॉइंटवर टेस्टर पेटतो का, याची खात्री करा. मग मेन स्विच बंद करा आणि तोच टेस्टर होल्डरला लावून पाहा. होल्डरमधल्या दोन पितळी पिना दाबल्या की झटकन वर यायला हव्यात. जुन्या १०० वॉटच्या बल्बने वर्षानुवर्षं भाजलेल्या स्प्रिंगा मेलेल्या असतात. मग हलका एलईडी बल्ब टेकल्यासारखा दिसतो, पण टेकत नाही. पिना घासून तात्पुरतं काम भागतं; होल्डर काळा पडला असेल तर सरळ नवा बसवा.

बटण बंद असूनही एलईडी मिणमिणतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. बटणात इंडिकेटर असेल तर तेवढ्या करंटवरही तो मिणमिणू शकतो. इंडिकेटर नसेल तर बटणावर फेजऐवजी (करंट आणणारी तार) न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) घेतलेला असण्याची शक्यता मोठी. अशा घरात बटण बंद करून बल्ब काढणाऱ्यालाही शॉक बसतो, कारण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो.

आता अख्खी खोली बंद. पंखा नाही, दिवा नाही, पण सॉकेटला टेस्टर लावला तर पेटतो. ‘करंट तर येतोय’, असं म्हणून लोक इथेच फसतात. टेस्टर डाव्या भोकातही लावून पाहा. समोरून पाहताना उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असतो. दोन्ही भोकांत टेस्टर पेटला तर न्यूट्रल तुटला आहे: फेज चालू ठेवलेल्या पंख्या-दिव्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेत आला आहे. त्या तारेला न्यूट्रल समजून हात लावणं जिवावर बेतू शकतं.

दृश्य: मेन बंद. बोर्ड उघडलेला. चार-पाच काळ्या तारांचा पिळा, त्यावर चिकटपणा गेलेली टेप.

अनेक जुन्या बोर्डांत फेजला बटणाचा स्क्रू मिळतो. न्यूट्रलच्या तारा मात्र नुसत्या पिळून टेप मारलेल्या असतात. त्यात एखादी ॲल्युमिनियमची तार तांब्याशी पिळलेली असली तर तिच्यावर ऑक्साइड धरतो, जोड तापतो, तापून आणखी ढिला होतो. हे मोजता येतं. मल्टिमीटरवर सॉकेटचा व्होल्टेज २३० आहे. त्याच सॉकेटवर १,००० वॉटची इस्त्री लावली, तर दोन-तीन व्होल्ट उतरणं ठीक. पण १५ व्होल्ट उतरले आणि इस्त्री चार अँपिअर घेतेय, म्हणजे वाटेत कुठेतरी ६० वॉटची उष्णता मुरते आहे, आणि ती बहुधा एकाच पिळ्यात.

मोजून झालं की मेन पुन्हा बंद करा आणि करपलेला भाग चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून टाका. एक सेंटिमीटर इन्सुलेशन सोला आणि तारा स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट आवळा. ओढून पाहा; सुटली तर पुन्हा करा. ॲल्युमिनियम असेल तर ती लाइनच बदलून घ्या: दिव्यांना १.५, पॉवर पॉइंटला २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर तांबं. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं म्हणजे तारेला फ्यूज करणं.

अचानक काही दिवे भगभगीत आणि काही मंद झाले तर शोधत बसू नका. मेन ताबडतोब बंद. बाहेरून येणारा न्यूट्रल सुटला असेल तर २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज येऊन फ्रिज, टीव्ही, सगळं जातं.

दृश्य: खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर.

कूलर लावला की आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो, म्हणून तो काढून टाकणारे घरमालक कमी नाहीत. इथे तो त्याचं काम करत असतो. पाण्यात बुडलेल्या पंपाचं इन्सुलेशन गेलं की पत्रा, स्टँड, खिडकीचा गज, सगळ्यांत करंट उतरतो. दोषी वस्तू शोधताना बटणं बंद करून भागत नाही. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रलचा दोष तसाच राहतो. म्हणून सगळे टॉप (प्लग) उपसा, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी चढवा आणि एकेक टॉप लावत जा. सगळं उपसूनही तो पडला तर दोष वायरिंगमध्ये.

कूलरला तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा टॉप हवाच, हिरवी तार पत्र्याला स्क्रूने बांधलेली. पाणी भरताना टॉप उपसलेला. आरसीसीबीचं टेस्ट बटण हंगामाच्या सुरुवातीला चालू लाइनवर दाबा. पडला नाही तर बदला.

अर्थिंग तपासायला फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावू नका. अर्थिंगचा खड्डा निकामी असेल तर तोच करंट घरातल्या प्रत्येक पत्र्यावर येतो. मल्टिमीटर लावा: फेज-अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात बादलीभर पाणी ओता आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तरीही आकडे जुळत नसतील तर अर्थिंगची तार खड्ड्यापाशीच तुटलेली आहे का, ते लायसन्स असलेल्या वायरमनकडून बघून घ्या.