नवीन अलॉय लावल्यावर स्टिअरिंग बिघडतं कशामुळे? इंच सोडा, हा आकडा बघा

जरा कॅमेरा जवळ आणतो, हे बघा, रिमच्या मागच्या बाजूला कोरलंय, ईटी ४८. हा ऑफसेट. दुकानात गेलं की आपण विचारतो किती इंची, काळी आहे का, गनमेटल आहे का, हा आकडा कोणी विचारतच नाही, आणि स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंगचं वाटोळं बहुतेक वेळा इथेच होतं.

ऑफसेट म्हणजे काय, तर रिमच्या रुंदीचा बरोब्बर मध्य धरायचा आणि हबला, म्हणजे चाक ज्याला बोल्टने कसतात त्या भागाला, टेकणारी जागा त्याच्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते मोजायचं. आकडा जेवढा कमी तेवढं चाक बॉडीच्या बाहेर येतं. दिसायला भारी दिसतं, मान्य. पण स्टिअरिंग फिरवलं की चाक एका तिरक्या रेघेभोवती वळतं, सस्पेन्शनच्या वरच्या आणि खालच्या सांध्यातून जाणारी रेघ, आणि ती रेघ जमिनीला जिथे टेकते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंत जे अंतर आहे त्याला म्हणतात स्क्रब रेडियस. कंपनीच्या इंजिनिअरनी हे अंतर विचार करून ठरवलेलं असतं. तुम्ही ईटी ४८ काढून ईटी ३५ लावलं की टायरचा मध्य १३ मिलिमीटर बाहेर गेला. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, तर घरातलं दार आधी बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडीजवळ. तरफ लांबली की कमी जोर पुरतो, आणि इथे तो जोर रस्ता लावतो तुमच्या हातांवर. एक चाक खड्ड्यात गेलं, किंवा ब्रेक मारताना एका बाजूला वाळू आली, की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं.

आता हे ठाण्याच्या घोडबंदर रोडवर आणून बघा. गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकनी डांबरात चाकोऱ्या पाडल्यात, तिथे रुंद टायर आणि कडक साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, असलेली गाडी चाकोरीच्या उताराला पकडून स्वतःच इकडे-तिकडे पळते, ह्याला ट्रॅमलायनिंग म्हणतात, आणि लोक अलाइनमेंटवाल्याशी भांडत बसतात जेव्हा की अलाइनमेंट ठीकच असतं.

हा ईटी ४८ मी उगाच नाही घेतला. तो टोयोटा जीटी८६ चा आकडा. ही गाडी २०१२ मध्ये आली, सुबारूसोबत बनवलेली, आपल्याकडे कंपनीने विकली नाही पण जगभर स्टिअरिंगसाठी नाव काढलेली गाडी. २०० हॉर्सपॉवर, मागची चाकं ओढणारी, आणि टायर किती, तर फक्त २१५/४५ आर १७, म्हणजे २१५ मिलिमीटर रुंद, साइडवॉल रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची, टोयोटाच्याच हायब्रिड प्रियसवर मिळायचा त्याच जातीचा! ते पैसे वाचवायला नव्हतं. वळणावर टायर जमिनीला जिथे चिकटतो त्या ठशातला बाजूचा जोर मध्याच्या थोडा मागे लागतो, म्हणून चाक सरळ व्हायला बघतं, आणि हातात जो वजनदार फील येतो त्यातला बराचसा हाच. ग्रिप संपायला आली की तो जोर पुढे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. म्हणजे गाडी घसरायच्या आधी हाताला सांगते. मला विचाराल तर स्पोर्ट्स कारमध्ये ह्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

टायर रुंद केला की ठसा आडवा रुंद होतो पण लांबीला आखूड होतो, हवेचं प्रेशर तेच असेल तर क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं, म्हणून ही मागे लागणारी तरफ पण आखूड होते. वर ग्रिप वाढल्यामुळे तो इशारा येतो तो एवढ्या वेगाला की पब्लिक रोडवर तिथे जायचंच नसतं, नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर तर अजिबात नाही. बारीक साइडवॉलचा फायदा पण आहे, खोटं बोलणार नाही, स्टिअरिंग हलवलं की नाक लगेच वळतं, ट्रॅकवर ते चांगलंच. पण ग्रिप सुटते ती पण पटकन सुटते.

आता त्याच गाडीवर लोक काय लावतात बघा, ७ इंच रुंद रिम काढून १८ इंची, साडेआठ रुंद, ईटी ३५, त्यावर २२५/४० आर १८. हिशोब करा, बाहेरची कड ३२ मिलिमीटर बाहेर आली आणि टायरची उंची ६२५ वरून ६३७ मिलिमीटर, जवळजवळ २ टक्के, म्हणजे स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी दाखवणार. २१५/४० घेतला असता तर ६२९ झाली असती, मूळच्या जवळ.

वजन पण विचारा. साधी कास्ट १८ इंची रिम बऱ्याचदा १७ पेक्षा जड निघते, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं, खड्ड्यावरून चाक उडालं की परत जमिनीला टेकायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ स्टिअरिंग मुकं. दुकानदाराकडे वजनकाटा मागायला लाजू नका.

आणि ८०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरत असेल, बॅलन्सिंग करूनही जात नसेल, तर रिमचं मधलं भोक बघा. बाहेरच्या अलॉयला ते बऱ्याचदा ७३.१ असतं, जीटी८६ चा हब ५६.१, मधली फट भरायला हब रिंग लागते, स्वस्तात मिळते, तरी बसवायची राहून जाते.

मी ठाण्यात राहून काय करेन? आधी प्रेशर. सकाळी टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. मग त्याच साइजचा चांगला टायर, आणि तो नवीन असताना पहिले काही शे किलोमीटर फील जरा गुळमुळीत लागतो, ट्रेडचे, म्हणजे टायरच्या नक्षीचे, ब्लॉक उंच असल्यामुळे वळताना हलतात, तर लगेच नावं ठेवू नका. १८ च पाहिजे असेल तर ऑफसेट मूळच्या पाचेक मिलिमीटरच्या आत ठेवा, स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती, नको, आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या, टो, म्हणजे चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली, किती होता आणि किती केला त्याचा प्रिंटआउट हातात घ्या, आणि मगच पैसे द्या.